संशयितांच्या यादीतून खोडलेले नाव : आरोग्य विभागास खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण, महाराष्ट्र शासन,
आणि मा. आयुक्त, आरोग्य सेवा.

विषय : राज्यातील प्रौढांमध्ये सोरायसिसचे प्रमाण किती, याची मोजणी करण्याबाबत.

महोदय,

मी सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो आणि गेली एकोणीस वर्षे मला सोरायसिस आहे. २०११ च्या जनगणनेत मी प्रगणक होतो, आणि त्यानंतर मतदार यादीचे कामही माझ्याकडे अनेकदा आले. घराचे छत कशाचे, पाणी कोठून येते, घरात टीव्ही आहे की नाही, हे सारे मी दारोदार विचारून रकान्यांत भरले आहे. शासन मोजणी कशी करते आणि जे मोजले जात नाही त्याचे पुढे काय होते, याची त्यामुळे मला थोडीफार कल्पना आहे. एरवी खाजगीत ठेवलेली गोष्ट आज चारचौघांत मांडतो आहे, ती त्याच अनुभवाच्या आधारे.

गेल्या हिवाळ्यात कुष्ठरुग्ण शोध अभियानाच्या वेळी आमच्या आळीतल्या आशाताई एका स्वयंसेवकाला घेऊन दारी आल्या. त्यांनी घरातल्या सगळ्यांची कातडी पाहिली. माझी बाही वर होताच त्या जरा थबकल्या. दोन्ही कोपरांवर तळहाताएवढे लालसर चट्टे आणि त्यांवर अभ्रकासारखी पांढरी, सुटणारी खपली. "सर, दवाखान्यात दाखवून घ्या, मला नाव लिहावंच लागेल," असे त्या संकोचून म्हणाल्या. मी त्यांना म्हटले, जरूर लिहा. हा कुष्ठरोग नाही हे मला माहीत होते, पण त्यांचे काम त्यांनी चोख केले होते आणि मला ते मोडायचे नव्हते. दोन दिवसांनी मी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टरांनी पेनाच्या टोकाने चट्ट्यावर स्पर्श करून विचारले, "कळतंय?" कळत होते. ते म्हणाले, "हा सोरायसिस आहे सर, काळजी करू नका," आणि यादीतल्या माझ्या नावावर त्यांनी आडवी रेघ मारली.

ती रेघ अगदी बरोबर होती. प्रश्न रेघेनंतरचा आहे. एका प्रशिक्षित डॉक्टरने एका प्रौढ माणसाच्या दीर्घकालीन दाहक आजाराचे निदान त्या क्षणी केले होते, आणि ते लिहायला त्या कागदावर जागाच नव्हती. त्याच बाकावर माझ्यानंतर एक ऊसतोड मजूर बसला होता. त्याचे तळपाय भेगाळून रक्ताळले होते आणि तीन वर्षे तो त्यांना गजकर्णाचे मलम चोळत होता. त्याच्याही नावावर रेघ मारली गेली. तोही 'नाही' ठरून घरी गेला.

त्यानंतर मी दहा रुपयांचा मुद्रांक लावून माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला. आपल्या कार्यक्षेत्रात सोरायसिसचे नोंदणीकृत रुग्ण किती, एवढाच प्रश्न होता. उत्तर एका ओळीचे आले : सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही. त्या कार्यालयाला मी दोष देत नाही. जी माहिती कोणी मागवलीच नाही, ती त्यांनी कोठून द्यावी?

आकडे मुळीच नाहीत असेही नाही. भारतातील प्रसिद्ध अभ्यासांचा एक आढावा २०१० साली भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात आला. त्यात प्रौढांमधील सोरायसिसचे प्रमाण ०.४४ ते २.८ टक्के असे दिलेले आहे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी राज्यात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते. तीच प्रौढांची संख्या धरली, तर खालच्या टोकाला सव्वाचार लाख आणि वरच्या टोकाला सत्तावीस लाख माणसे होतात. माझ्या वर्गातल्या मुलाने 'उत्तर चार आणि सत्तावीस यांच्या मध्ये कोठेतरी आहे' असे लिहिले, तर मी त्याला भोपळा देईन.

बरे, हा पल्लाही घरोघर फिरून काढलेला नाही. त्यामागची बहुतेक माहिती रुग्णालयांत आलेल्या रुग्णांवरून घेतलेली आहे. त्वचारोग विभागात आलेल्या शंभर जणांपैकी किती जणांना सोरायसिस होता, याचे उत्तर गावातल्या शंभर जणांपैकी किती जणांना तो आहे, याचे उत्तर होऊ शकत नाही, कारण दोन्हींचे छेद वेगळे आहेत. जो दवाखान्यात पोचलाच नाही, तो अंशातही नाही आणि छेदातही नाही.

याच आढाव्यातील एका गोष्टीपाशी मी बराच वेळ अडून बसलो होतो. भारतात हा आजार पुरुषांत स्त्रियांच्या दुप्पट दिसतो, असे त्यात म्हटले आहे. जगात इतरत्र स्त्री-पुरुषांत फारसा फरक आढळत नाही. मग आपल्या बायकांना हा आजार खरोखरच कमी होतो, की त्या दवाखान्यात कमी येतात? आमच्या शाळेतील एका सहकाऱ्याच्या पत्नीला मी गेली कित्येक वर्षे मे महिन्यातही मनगटापर्यंतच्या बाह्यांचा पोलका घातलेला पाहतो. एका लग्नात पंगतीला वाढताना त्यांची बाही जराशी सरकली आणि मला जे दिसायचे ते दिसले. मी काही बोललो नाही, त्याही बोलल्या नाहीत. त्यांनी आजवर केसपेपर काढलेला नाही, हे त्यांच्या यजमानांनी मला नंतर सांगितले. घराबाहेर हे कळले, तर मुलीच्या स्थळाला अडचण येईल, असे कारण त्यांनी दिले. रुग्णालयाच्या आकड्यांत त्या कधी येतील?

इतर देशांकडे पाहिले, तर हा प्रश्न सोडवता येण्याजोगा आहे हे कळते. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य पाहणीत माणसाला एक साधा प्रश्न विचारतात : तुम्हाला सोरायसिस आहे असे डॉक्टरने कधी सांगितले आहे का? एवढ्यावरून त्यांना आपल्या प्रौढांपैकी ३ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ७५ लाख लोकांना, हा आजार आहे असे कळले. २०२० मध्ये जगभरच्या अभ्यासांची एकत्र छाननी प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रौढांमधील प्रमाण पूर्व आशियात ०.१४ टक्के, तर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे १.९९ टक्के असे निघाले, आणि जगातील ८१ टक्के देशांकडे या आजाराच्या प्रसाराविषयी माहितीच नाही, असेही तिने नोंदवले. म्हणजे प्रदेशागणिक प्रमाण चौदापटीने बदलते. अशा स्थितीत दुसऱ्याचा आकडा उसना आणून आपल्यावर बसवणे हे अंदाजपंचे काम होईल. अमेरिकेचा प्रश्न जसाच्या तसा येथे विचारूनही भागणार नाही, कारण ज्यांना डॉक्टरने काही सांगितलेच नाही असे लोक आपल्याकडे फार आहेत. आपल्याला कातडी पाहावीच लागेल.

आणि ती आपण पाहतोच आहोत, हीच तर या पत्रामागची मुख्य गोष्ट आहे. घरोघर जाऊन माणसांच्या अंगावरचे चट्टे पाहणारी, संशयिताला डॉक्टरसमोर आणणारी आणि त्याचा हिशेब ठेवणारी यंत्रणा या राज्याकडे तयार आहे. कुष्ठरोगाच्या शोधाविषयी माझ्या मनात आदरच आहे. वरोऱ्याचे आनंदवन आणि अमरावतीचे तपोवन ज्या राज्यात उभे राहिले, तेथे तो आदर वेगळा सांगायला नको. हा शोध थांबवावा किंवा सैल करावा, असे मी स्वप्नातही म्हणणार नाही. दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, हे कुष्ठरोगाचे राष्ट्रीय उद्दिष्ट देशाने २००५ च्या अखेरीस गाठले, आणि तरीही आपण दारोदार जातो, ते योग्यच आहे. पण सोरायसिसचे प्रमाण अगदी खालचे, ०.४४ टक्के धरले, तरी ते दर दहा हजार प्रौढांमागे चव्वेचाळीस होते. तेच डोळे, तेच दार, तोच कागद, आणि या चव्वेचाळीस जणांसाठी त्यावर एक रकानाही नाही.

हे दोन आजार वेगळे आहेत, हे व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८४१ साली निर्विवाद मांडले. त्याआधी शतकानुशतके सोरायसिसच्या रुग्णांना कुष्ठरोगी समजून वाळीत टाकले जात असे. वैद्यकात मिटलेला हा घोळ आमच्या आळीत अजून मिटायचा आहे. आशाताई माझ्या दारातून बाहेर पडल्या त्या संध्याकाळी शेजारच्या घरातून आमच्याकडे येणारी दुधाची बरणी आली नाही. ती चार दिवसांनी पुन्हा येऊ लागली, पण त्या चार दिवसांत माझ्या पत्नीने मला न सांगता माझे ताट वेगळे घासायला घेतले होते. नंतर तिलाच त्याचे वाईट वाटले, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

या आजाराबरोबर जगणे म्हणजे काय, हेही थोडक्यात सांगतो. सकाळी उठल्यावर अंथरूण झटकावे लागते, आणि झटकलेले केरसुणीने भरून पाहिले, तर मूठभर कोंडा निघतो. काळी पँट मी वापरत नाही, खुर्चीवरून उठताना मागे वळून पाहिल्याशिवाय पुढे जात नाही, आणि फळ्याजवळ उभा असलो तर खांद्यावरचे पांढरे खडूचे आहे असे मुले समजतात, याचा मला आधार वाटतो. पहिली दोन वर्षे डोक्यातला आजार साधा कोंडा म्हणून गेला. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडले, त्याकडे कोणी पाहिले नाही. पुढे सकाळी बोटे आखडू लागली, पहिल्या तासाला खडू धरवेना, आणि ते वयामुळे होत असेल असे मीच मानले. हाच आजार सांध्यांतही उतरतो आणि वेळेत ओळखला नाही, तर सांधा कायमचा वाकडा करतो, हे मला उजव्या हाताची करंगळी वाकल्यावर समजले.

आता माझ्या तक्रारी मांडतो.

पहिली तक्रार मोजणीची आहे. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासली जाते, तोंडाच्या, स्तनांच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचपणी होते. सोरायसिस संसर्गजन्य नाही, तो जन्मभर टिकतो आणि त्याच्या रुग्णांत मधुमेह, हृदयविकार आणि नैराश्य यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळते. तरीही तो या कार्यक्रमात नाही. जागतिक आरोग्य सभेने मे २०१४ मध्ये सोरायसिसवर स्वतंत्र ठराव करून तो दीर्घकालीन, असंसर्गजन्य, वेदनादायी, विद्रूप करणारा आणि अपंगत्व आणणारा आजार असल्याचे मान्य केले. २०१६ च्या जागतिक अहवालात जगभर किमान दहा कोटी लोकांना तो असल्याचे म्हटले आहे आणि माहिती गोळा करण्याची गरजही त्यात मांडलेली आहे. भारत त्या सभेचा सदस्य आहे. ठरावाला दहा वर्षे उलटून गेली.

दुसरी तक्रार उपचारांची. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, हा चांगला निर्णय होता आणि त्याचा लाभ मी घेतला आहे. परंतु मोफत असलेली वस्तू तेथे असावीही लागते. मेथोट्रेक्झेट ही जुनी आणि स्वस्त गोळी आहे. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, आणि रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकते. म्हणून ती समजावून देणारा माणूस आणि यकृताची व रक्ताची वेळच्या वेळी तपासणी या दोन गोष्टी तिच्याबरोबर हव्यात. मला गोळी कधी मिळाली, कधी चिठ्ठीवर 'बाहेरून' असे लिहून आले, आणि तपासणीसाठी मात्र दर वेळी शहर गाठावे लागले. अतिनील किरणांचा उपचारही असाच आहे. ३११ नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्यातील किरणे आठवड्यातून तीनदा काही महिने घेतली, तर माझ्यासारख्या अनेकांची कातडी निवळते. त्यासाठी मला एका वेळी एकशे दहा किलोमीटरची जा-ये आहे. तीन महिन्यांचे छत्तीस खेपांचे गणित होते, आणि तेवढ्या किरकोळ रजा कोणत्याच शिक्षकाला नसतात. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाने तर हा विचारही करू नये. नवी जैविक इंजेक्शने फार गुणकारी आहेत असे ऐकतो; त्यांच्या किमती ऐकल्यावर मी पुढे चौकशी केली नाही. राज्याच्या जनआरोग्य योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे आणि आमचा आजार आयुष्यभर बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेतच उभा असतो.

तिसरी तक्रार चुकीच्या औषधांची, आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. निदान झाले नाही की माणूस औषधाच्या दुकानात जातो आणि तेथे त्याला स्टेरॉइड मिसळलेले मलम मिळते. केंद्र सरकारने २०१८ साली चौदा स्टेरॉइड मलमे अनुसूची 'एच' मध्ये आणली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. आमच्या बाजारपेठेत ती नाव घेताच मिळतात. मी स्वतः घेऊन पाहिली आहेत. त्याहून घातक म्हणजे 'एका सुईत साफ' म्हणून टोचले जाणारे स्टेरॉइडचे इंजेक्शन. कातडी पंधरा दिवस स्वच्छ होते, रुग्ण खूश होतो, आणि औषधाचा असर ओसरला की आजार दुप्पट जोराने उलटतो. मला २०१२ साली असे इंजेक्शन दिले गेले. महिन्याभरात डोक्यापासून पायापर्यंत सगळे अंग लाल झाले, उन्हाळ्यात थंडी वाजू लागली आणि मला नऊ दिवस रुग्णालयात काढावे लागले. या अवस्थेत माणूस दगावूही शकतो, असे तेथील डॉक्टरांनी माझ्या भावाला बाजूला घेऊन सांगितले होते.

चौथी तक्रार आपल्या मौनाची. क्षयरोगाची भित्तिचित्रे आहेत, कुष्ठरोगाची आहेत, डेंग्यूची आहेत आणि ती असावीत. २९ ऑक्टोबर हा जागतिक सोरायसिस दिन आमच्या आरोग्य केंद्रात कोणाला ठाऊक नाही. 'हा आजार शिवल्याने पसरत नाही' एवढे एक वाक्य शासनाच्या शिक्क्यानिशी भिंतीवर असते, तर ती दुधाची बरणी चार दिवस थांबली नसती. सलूनवाल्याने मला स्वतःचा टॉवेल आणायला सांगितले नसते.

आमच्याहून अवघड आजार असलेले लोक आहेत आणि विभागाकडे पैसा व माणसे मर्यादित आहेत, हे मी जाणतो. सोरायसिस पूर्ण बरा होत नाही, मग मोजून काय साधणार, असेही मला एका परिचित डॉक्टरांनी विचारले. मधुमेह तरी कोठे पूर्ण बरा होतो? रुग्ण किती हे माहीत नसेल, तर गोळ्या किती मागवायच्या, यंत्र कोणत्या जिल्ह्यात बसवायचे आणि त्वचारोगतज्ज्ञाचे पद कोठे भरायचे, हे कोणत्या आधारावर ठरते? सव्वाचार लाखांसाठीची तरतूद आणि सत्तावीस लाखांसाठीची तरतूद एकच असू शकत नाही, आणि आज ती कोणत्याच आकड्यासाठी केलेली नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

(१) पुढील कुष्ठरुग्ण शोध अभियानाच्या नमुन्यात, कुष्ठरोग नसल्याचे ठरलेल्या प्रत्येक संशयितासमोर वैद्यकीय अधिकाऱ्याने 'मग काय आहे' हे लिहिण्यासाठी एक रकाना ठेवावा : सोरायसिस, इसब, बुरशी, कोड, इतर. यासाठी नवे पद लागत नाही आणि नवी गाडीही लागत नाही.

(२) या रकान्यातून मिळणारा आकडा अपुरा असेल हे मी मान्य करतो, कारण डोक्यातला आणि नखांतला आजार त्यात निसटेल. त्यासाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागांकडून प्रौढांची एक नमुना पाहणी करून घ्यावी. तिच्यात एक किनारपट्टीचा, एक अवर्षणप्रवण आणि एक आदिवासी तालुका व एखाद्या महानगरातील वस्ती असावी, आणि निष्कर्ष स्त्री-पुरुषांचे वेगवेगळे प्रसिद्ध करावेत. बायकांची तपासणी महिला डॉक्टरांनी करावी, नाहीतर आकडा पुन्हा तसाच लंगडा येईल.

(३) बाह्यरुग्ण नोंदीत नुसते 'त्वचा' असे न लिहिता आजाराचे नाव लिहिणे बंधनकारक करावे. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात सोरायसिसला स्वतंत्र संकेतांक आहे; तो वापरावा.

(४) उपजिल्हा रुग्णालयापर्यंत मेथोट्रेक्झेट, फॉलिक आम्ल आणि आवश्यक रक्ततपासण्या नियमित उपलब्ध असाव्यात. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात किरणोपचाराचे एक यंत्र असावे आणि ते संध्याकाळी सातपर्यंत चालावे. सोरायसिसच्या प्रत्येक रुग्णाचा रक्तदाब व साखर मोजावी आणि सकाळी सांधे आखडतात का, हे त्याला विचारावे.

(५) अन्न व औषध प्रशासनाला बरोबर घेऊन चिठ्ठीविना स्टेरॉइड मलमे विकणाऱ्यांवर कारवाई करावी आणि ती केल्याची आकडेवारी जाहीर करावी.

पाचपैकी एकच मान्य होणार असेल, तर पहिली मान्य करावी. कागद पुढच्या अभियानासाठी छापला जाणारच आहे. त्यात एक उभी रेघ जास्त ओढायची आहे.

आशाताईंना या दोन आजारांतला फरक शिकवावा लागेल, हेही मी गृहीत धरले आहे. आमच्या आरोग्य केंद्राचे प्रशिक्षण दुसऱ्या शनिवारी ठेवल्यास मी शाळेला सुटी असल्याने येऊ शकेन. चित्रे दाखवण्यापेक्षा माझे दोन्ही कोपर त्यांना दाखवावेत : खपली कशी सुटते, तिच्याखाली रक्ताचा ठिपका कसा दिसतो, पेनाचे टोक लावल्यावर कसे कळते. हिवाळ्यात यावे, तेव्हा ते चांगले दिसतात.

आपला विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षक,
जिल्हा सोलापूर